बॅटरीला लावलेली हळद

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ हाताळले. पण पोळा जवळ आला की मला सुरू न होणाऱ्या एका गाडीची फिर्यादच आठवते. त्या तपासात माझ्या हातून एका भल्या पोराची नोकरी जाता जाता राहिली, म्हणून ती घटना काही केल्या विसरता येत नाही.

मी तेव्हा परतूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोळ्याची सकाळ. निम्मे कर्मचारी बंदोबस्ताला गेलेले, कारण तोरणाखालून पहिले बैल कोणाचे जायचे यावरून आमच्याकडे डोकी फुटतात. अशात पस्तिशीचा एक शेतकरी तणतणत आला. बायकोला सातवा महिना, जालन्याला तपासणीची तारीख, आणि दारातली गाडी सुरूच होईना. शेवटी बायकोला शेजाऱ्याच्या गाडीतून धाडलं आणि हा तडक ठाण्यात.

"साहेब, माझ्या धाकट्या भावानं गाडी बिघडवली. गुन्हा दाखल करा."

भांडणाचं मूळ असं, की उन्हाळ्यात थोरल्यानं बैलजोडी विकून ही जुनी गाडी घेतली होती. धाकट्याला ते बिलकुल पटलं नव्हतं. चार लोकांसमोर तो बोलून गेला होता, "बैल विकून आणलेली गाडी मी चालू देणार न्हाई." रागाच्या भरात माणूस काय बोलतो आणि ते कुठं जाऊन नडतं, हे मी आयुष्यभर पाहिलं.

धाकट्याचं नाव ऐकून मी चपापलो. तो पोलीस भरतीत निवडला गेला होता आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. एक गुन्हा नोंदला, की तीन वर्षं पहाटे उठून केलेली त्याची सगळी मेहनत मातीत जाणार.

स्टेशन डायरीला नोंद केली आणि बीट अंमलदाराला गावात पाठवलं. तासाभरात तो खबर घेऊन आला. काल दिवेलागणीला शेजारच्या बाईनं धाकट्याला गाडीचं बॉनेट उघडून उभं असलेलं पाहिलं होतं. खरं सांगतो, तेवढ्यावर मी मनातून त्याला दोषी धरून मोकळा झालो.

त्याला बोलावलं.

"काल बॉनेट उघडलं होतंस?"

"व्हय, साहेब."

"कशाला?"

पोरगा गप्प. मी पडताळणीचा कागद त्याच्यापुढं सरकवला. "बोलला नाहीस तर यावर सही होणार नाही. समजतंय का?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "गाडीला म्या काही केलं न्हाई. बाकीचं इचारू नका."

कसलेला चोर दहा मिनिटांत दुसऱ्याच्या नावावर बिल फाडतो. हा मात्र नोकरी हातची जाताना दिसत असून कोणाचं नाव घेईना. इथं माझा संशय डळमळला. म्हटलं, माणसाला पुरे झालं, आता गाडीला विचारू. ठाण्याची जीप दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सोबत घेतलं, पडताळणीच्या कागदाची फाईल उचलली आणि दोघा भावांसह गावात गेलो.

मिस्त्रीची चौकशीची पद्धत माझ्यापेक्षा बरी होती. त्यानं कोणावर आरोप केला नाही. हॉर्न दाबला, वाजला. दिवे लावले, लागले. चावी फिरवली तर नुसतं 'टक्' झालं आणि दिवे विझत आले.

"साहेब, बॅटरीत करंट हाय. पन जोडात अडकून राह्यला. जल्दी नका करू, बघतो."

त्यानं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकावर बसवलेली वायरची कडी हातानं हलत होती. ती उचलली, तर खाली पिवळा, चिकट थर. मिस्त्रीनं बोट लावून हुंगलं आणि चक्रावला. "हे तं तूप हाय. तूप अन् हळद."

मी शेतकऱ्याचा मुलगा, तरी तोवर डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आदल्या संध्याकाळी खांदेमळण झाली होती. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना आवतन द्यायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' लहानपणी वडिलांच्या मागं उभं राहून मीही ते म्हटलं होतं.

ओट्यावर दोघा भावांचे वडील धोतरात हात लपवून बसले होते. मी शेजारी टेकलो. "आबा, हात दाखवा बरं."

दोन्ही तळवे पिवळे.

"पोराला काही करू नका साहेब. त्यानं निस्तं बॉनेट उघडून मोबाइलचा उजेड धरला व्हता. मीच त्याला शपथ घातली, कोनाला सांगू नको म्हनून. लोक हसले असते." म्हाताऱ्यानं तळवे पुन्हा धोतरात घेतले. "बैल गेले. औंदा खांदे कोनाचे मळायचे? आता बैलाच्या जागी हीच राबून राह्यली. गाडी घेतली तवा तिथला मिस्त्री म्हनला व्हता, गाडीचा सगळा जोर बॅटरीवर. मंग म्हनलं, ह्योच तिचा खांदा. कडी ढिलीच व्हती. काढली, मळलं, पुन्हा ठिवली."

मिस्त्री हसला नाही. त्यानं गरम पाणी मागवलं, टोक आणि कडी धुतली, पुसली, पॉलिश पेपरनं घासली आणि कडी पान्यानं आवळली. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

थोरला खाली मान घालून उभा होता. "आबा, मला तरी सांगायचं."

"तुला बैलाचं नाव काढलेलं चालत न्हाई, बाबा."

थोरला पुढं झाला. धाकट्याजवळ जाऊन त्याचा दंड घट्ट धरला आणि मला म्हणाला, "साहेब, माझी तक्रार न्हाई." मी फाईल उघडली आणि त्याच गाडीच्या बॉनेटवर ठेवून पडताळणीच्या कागदावर सही केली. मला त्या पोराचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज.

नंतरच्या सगळ्या नोकरीत समोरचा गप्प बसला, की मी आधी विचारायचो, 'कोणासाठी गप्प आहेस?' त्या प्रश्नानं मला पुष्कळ वेळा वाचवलं.

आम्ही निघालो, तेव्हा म्हातारा कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखा बोलला, "आवतन तं देऊन बसलो. आता तिला जेवू कोन घालनार?"

थोरला घरात गेला. ताटात पुरणपोळी घेऊन आला आणि बैलाच्या तोंडापुढं धरतात तसं ताट दोन्ही हातांनी गाडीपुढं धरून उभा राहिला.