शॉकअपची पाचवी खाच

मोटरसायकल विकायची हे जवळजवळ ठरलंच होतं. मंगळवारी अमरावतीहून एक गृहस्थ बघायला येणार होते. पुण्याचा लेक फोनवर म्हणाला, "आई, बावन्नाव्या वर्षी कशाला हवेत तुला घाट?" मला राग आला, पण त्याचं खरं होतं. वर्षभरात वळण आलं की माझी घाबरगुंडी उडायची. जरा खडबडीत रस्ता लागला की मागचं चाक उडायचं आणि गाडी वळणातून बाहेर सरकायची. गाडीवरचा माझा हातच गेला, असं मी धरून चालले होते. शेवटचं एकदा सेमाडोहला जाऊन यावं आणि चावी देऊन टाकावी, म्हणून रविवारी सकाळी सातला अकोल्यातून निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: अकोट, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे कंबर मोडणारा. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या, पुढे जंगलात भरवसा नाही. थंडीत हातमोजे हवेतच.

हा रस्ता मी अकरा वर्षं केला, पण एकटीने पहिल्यांदाच. माझ्या यजमानांना, सुभाषरावांना, गाडी चालवता येत नव्हती. मी पुढे, ते मागे, मांडीवर चहाचा थर्मास. अकोटच्या पानटपरीवर हमखास कुणीतरी हसायचं. हे त्यांना म्हणायचे, "हसा लेकहो, मले फुकटात डायवर भेटली!" वळणावर मात्र एसटीत बसल्यासारखे ताठ. "झुका!" म्हणून मी ओरडायची, तेव्हा कुठे हलायचे. गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि दोन तासांत गेले. या वेळी टपरीवर थांबले, चहा घेतला, कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं त्यांनी.

अंजनगावच्या पुढे एका वळणावर चाक असं उडालं की मी थेट कडेच्या मुरमात गेले. पडले नाही, एवढंच. परतवाड्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच आले. दही-चटणीतला गिला वडा मागवला, तीस रुपयांचा, नेहमी आवडीने खाते, तो अर्धा टाकला. शेजारीच एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. देवानंदभाऊ त्यांचं नाव. म्हटलं, निदान टायर तरी दाखवावा.

त्यांनी हवा तपासली, चेन पाहिली, मग सीट दोनदा दाबली आणि मला म्हणाले, "बाई, बसा बरं गाडीवर. पाय टेकवा."

चवडेच टेकत होते. वर्षभर तसंच चाललं होतं. मी बुटांना दोष देत होते.

"मांगं कोन बसते?"

"आता कोणी नाही."

"मंग शॉकअप एवढे कडक काहून ठेवले? पाचव्या खाचंवर हाय. हे दोघायची सेटिंग हाय, बाई. एकट्या मानसाच्या वजनानं स्प्रिंग दबूनच नाई राहिली, मंग चाक उडन नाई तं काय करन?"

पाचवी खाच मीच लावली होती. सुभाषराव ब्याण्णव किलोचे. ते गेल्यावर घरातलं सगळं आवरलं, कपडे दिले, चष्माही दिला. हे मात्र लक्षातच आलं नाही.

देवानंदभाऊंनी आकड्याचा पाना घेतला आणि एका बाजूची स्प्रिंग दुसऱ्या खाचेवर आणली. दुसऱ्या बाजूला वळले तेव्हा मी म्हटलं, "थांबा." काय झालं ते त्यांना कळलं असावं. पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः चहा सांगायला गेले. मी पाना स्प्रिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. मग फिरवला. पाचची चार, चारची तीन, तीनची दोन. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, हे तुम्हीही विसरू नका. आणि खाच बदलली की आधी ओळखीच्या रस्त्यावर सावकाश चालवून बघा.

पैसे विचारले तर म्हणाले, "पाना तं तुमीच फिरवला. माहे काहाचे पैसे?"

घाटात पहिली दोन वळणं जीव मुठीत धरून घेतली. तिसऱ्याला वेग आधीच कमी केला, नजर वळणाच्या शेवटी ठेवली आणि गाडी झुकवली. चाक रस्त्याला धरून राहिलं. मधला खड्डाही गिळला. चौथं, पाचवं, सहावं. हात गेलाच नव्हता माझा! आनंदाच्या भरात सातव्या वळणावर मी जोरात ओरडले, "झुका!"

हेल्मेटमध्ये माझाच आवाज घुमला. मागची सीट रिकामी होती. पुढच्या सरळ रस्त्यावर गाडी कडेला घेतली आणि सागाच्या झाडाखाली पोटभर रडले. वर्षभरात असं रडले नव्हते.

सेमाडोहला झुणका-भाकर खाल्ली, शंभर रुपयांत. दिवस मावळायच्या आत जंगलातून बाहेर पडायचं असतं, म्हणून लगेच परतले.

घरी येऊन अमरावतीच्या गृहस्थांना फोन केला, येऊ नका म्हणून. लेकालाही सांगितलं. तो म्हणाला, "सावकाश चालव."

काल सिग्नलला थांबले होते. खाली पाहिलं तर दोन्ही पाय टाचांसकट टेकलेले. हे मागे बसले की गाडी दबायची, तेव्हा असेच टेकायचे. हिरवा दिवा लागला तरी क्षणभर मी निघाले नाही, मागे वळून पाहिलं.