पावलावरची पेनाची रेघ

त्या दिवशी हॉस्पिटलात आम्ही चौघं होतो. मी खाटेवर, मुलगा खिडकीपाशी, सून उशाशी आणि तेरा वर्षांची नात पायथ्याशी. सिंगापुरात आमची माणसं एवढीच. दोन हजार पंधरा-सोळाचं साल असेल, तिथल्या नोव्हेना भागातलं एक हॉस्पिटल.

सुनेनं मला हौसेनं चालायचे बूट आणले होते. उजवा अंगठ्याला लागायचा. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. जखम झाली. तिच्यावर हळद-तूप लावलं आणि वर मोजा चढवला. मला साखरेचा आजार आहे, पण असल्या गोष्टीचा बाऊ मी कधी केला नव्हता. नवरा गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा. मिरची कांडपाच्या गिरणीत अकरा वर्षं काढली, डोळ्यांत आग घेऊन. कुणी विचारलं की एकच बोलायचं, बरं आहे.

मोज्याला वास यायला लागला तेव्हा नातीनं ओरडून सगळ्यांना गोळा केलं.

डॉक्टरीणबाईंनी पावलावरच्या लालीच्या कडेकडेनं पेनानं रेघ मारली. लाली रेघेच्या आत राहिली तर औषधानं भागेल. बाहेर आली तर कापावं लागेल, आणि उशीर झाला तर नुसता अंगठा नाही, अख्खं पाऊल. हे मला मुलानं मराठीत सांगितलं.

मग मी रेघेकडेच बघत बसले. चादर वर करायची, बघायचं, खाली करायची. आत आहे का? आहे. परत वर करायची.

नर्स यायची, बोटं दाखवून विचारायची, एक ते दहा, किती दुखतंय. मी म्हणायचे, "बरं आहे." मुलगा तिला सांगायचा, ओके. ती लिहून घ्यायची.

नातीला शाळेत बोलायचं होतं, फार जुन्या काळच्या ग्रीस देशातल्या एका तत्त्वज्ञावर. माझं मन रमावं म्हणून ती ते मला म्हणून दाखवायला लागली. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. त्याचं नाव काही माझ्या जिभेला वळलं नाही. तो गुलाम होता, पायानं अधू. पुढे सुटला आणि लोकांना शिकवायला लागला. स्वतः एक ओळ लिहिली नाही, शिष्यानं लिहून ठेवलं म्हणून राहिलं. पार राजानंही ते वाचलं. जे आपल्या हातात आहे ते करा, नाही त्याचा घोर नको, असं सांगायचा. म्हातारपणी कुणाचं तरी पोर घरी आणून वाढवलं म्हणे. मला तो आवडला.

"मालकानं त्याचा पाय पिरगळला ना आजी, तर तो रडला पण नाही."

"अस्सं! आमच्या कांडपातलाच दिसतोय."

"झालं," सून म्हणाली, "आता आई त्याची गादी चालवणार."

"नो लाह," नात तिथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आजी, ऐक ना. त्यानं आधी मालकाला सांगितलं, मोडेल हं. आणि मोडल्यावर म्हणाला, सांगितलं होतं ना. ही टोल्ड, ओके? तू तर सांगतच नाही लाह!"

मुलगा हसला. मला काही हसू आलं नाही. सकाळपासून माझ्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती, पोटरीत ठणका होता. लाली रेघेच्या आत आहे ना, मग कशाला बोलायचं, असं मी धरून बसले होते. तो गुलाम असून मालकासमोर बोलला. माझ्यासमोर तर माझीच माणसं होती.

"जांघेत गाठ आलीय," मी म्हटलं. "सकाळपासून."

"आई! अहो, आत्ता सांगताय?" सून ताडकन उठली. मुलगा धावतच बाहेर गेला.

डॉक्टरीणबाईंनी दाबून बघितलं. वरून लाली थांबलीय, पण आतून विष चढतंय, म्हणाल्या. ऑपरेशन त्याच संध्याकाळी ठरलं. आत नेताना मी सुनेला म्हटलं, "मला भीती वाटतेय गं." असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. ती दारापर्यंत हात धरून चालत आली.

अंगठा गेला. पाऊल राहिलं. दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसला असतात तर तेही गेलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं.

हे वाचणाऱ्यानं माझं एवढंच ऐकावं. घरात साखरेचं म्हातारं माणूस असेल तर आज त्याचे मोजे काढा आणि पाय हातात घेऊन बघा. बोटांच्या बेचक्यांतही बघा. नको नको म्हणेल, तरी बघा.