अरबाबच्या पाच बंदुका

कुवेत पडलं त्या साली आम्ही नवराबायको शारजात एका अरबाबाकडे कामाला होतो. अरबाब म्हणजे मालक, तिकडे सगळे तसंच म्हणतात. मी बाग, पाण्याची टाकी आणि गाड्या धुणं बघायचो. ती आत स्वयंपाकघरात. बंगल्यामागे आम्हाला एक खोली होती, तिथला एसी थंड कमी करायचा आणि पाणी जास्त गाळायचा. मुलगी गावी. तिच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि तिला दिवस गेले होते.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण तिचं माहेर म्हणजे बंद घर. कुलूप लावलेलं, किल्ली भावजयीकडे. म्हणून ठरलं होतं की गणपतीला हिने एकटीने जायचं, घर उघडायचं, सातव्या महिन्यात लेकीला घेऊन यायचं, आणि बारसं करूनच परत यायचं. हिने ट्रंकेत आधीच सगळं भरलं होतं. मऊ सुती लुगड्यांचे तुकडे, बेबी पावडरचे डबे, लोकरीची टोपी. आमच्या रत्नागिरीत लोकरीची टोपी कशाला, असं मी म्हटलं तर म्हणाली, "तुम्हाला काय कळतंय."

मग ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि सगळं विस्कटलं. दुकानांतून तांदूळ, दूध पावडर, पाण्याच्या बाटल्या, टॉर्चचे सेल जायला लागले. कोणी म्हणे आता सौदी, मग आपण. कोणी म्हणे विषारी वायू सोडणार, खिडक्यांना चिकटपट्टी लावा. आम्ही लावली. आमचे पासपोर्ट अरबाबच्या तिजोरीत असायचे, तिकडची रीतच होती. एरवी सुट्टीच्या वेळी मागितला की मिळायचा. त्या महिन्यात नाही. घरातला पठाण ड्रायव्हर हिंमत करून मागायला गेला, तर अरबाब इतका ओरडला की आत बायकांच्या हातातली भांडी थांबली. "सब भागेगा? हमारा घर कौन देखेगा?" पठाण बाहेर आला आणि मला म्हणाला, "कोकणी, तेरी बीवी का टिकट फाड के फेंक दे."

मी हिला हे सांगितलं. ती कांदा चिरत राहिली.

चार दिवसांनी अरबाबने मला मजलिसमध्ये बोलावलं. मजलिस म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली. एरवी मी तिथे फक्त गालिचा झटकायला जायचो. त्या दिवशी गालिच्यावर पाच बंदुका मांडलेल्या. त्याला कधीतरी मी सांगितलं होतं की गावी आमच्याकडे पिकाच्या रक्षणाची परवान्याची बंदूक होती आणि पंधराव्या वर्षापासून मी शेतातल्या माळ्यावर बसून डुकरं मारली. ते त्याच्या ध्यानात राहिलं.

म्हणाला, "कुछ हुआ तो हम सब मजरा जाएगा." मजरा म्हणजे त्याची शेती, अल धैदच्या पुढे वाळूत. विहीर होती, खजूर होता, बकऱ्या होत्या. "उधर पुलिस नहीं, दुकान नहीं. दो बंदूक चुनो. एक हमारा, एक तुम्हारा."

तुम्हारा म्हणाला. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. सात वर्षं ज्याच्या गाड्या धुतल्या तो माझ्या हातात बंदूक देतो म्हणत होता.

पाचांत एक त्याच्या आजोबाची लांब रायफल होती, दस्त्याला चांदीचं काम. एक नवी रायफल, दुर्बीण बसवलेली, ती त्याला सगळ्यात प्यारी. दोन बारा बोअरच्या, एक जोडनळीची आणि एक साधी एकनळी. आणि एक वीस बोअरची हलकी, पोरांसाठी घेतलेली. तो दुर्बीणवालीच हातात धरून होता. मी म्हटलं, "अरबाब, पहले गोली दिखाओ."

"बंदूक नहीं देखेगा?"

"बंदूक बाद में. जिसका गोली घर में है, वही बंदूक."

त्याने कपाटातून आणलं. दुर्बीणवालीच्या गोळ्या अकरा. शहरातल्या शिकारी सामानाच्या दुकानात आधीच शिल्लक नव्हत्या. आजोबाच्या रायफलीच्या सतरा, पितळ हिरवं पडलेलं. मी म्हटलं, "ये दोनों बंदूक फोटो के लिए अच्छा." तो आधी बघतच राहिला, मग खो खो हसला. पठाण दारात उभा होता, तोही हसला. तेव्हापासून मला जनरल साब म्हणायला लागला. "जनरल साब, गाडी धो दी क्या?"

मी दोन्ही बारा बोअरच्या काढल्या. दोघांच्या हातात एकाच काडतुसाची बंदूक असावी. एकाची संपली तर दुसऱ्याची चालतात, अंधारात, घाईत शोधाशोध नाही. एकनळी दिसायला दरिद्री होती, पण तिच्यात बिघडायला काही नव्हतं. आणि सांगितलं की बारीक छर्ऱ्यांची काडतुसं जास्त न्यायची, मोठ्या छर्ऱ्यांची थोडी. आडरानात पहिल्यांदा भूक येते, दुश्मन नंतर. ससा, होला, तितर मारायला बारीक छर्रे लागतात. मोठे फक्त कुत्र्यांसाठी आणि माणसासाठी. माणसासाठी म्हणताना मी आवाज खाली घेतला. अरबाबने मान हलवली.

काडतुसांचं एक पोतं होतं, वर्षानुवर्षं कोणी बघितलं नव्हतं. बारा आणि वीस एकत्र, अर्धी जुन्या कागदी नळकांड्यांची, दमट हवेने फुगलेली. ते निवडायचं काम माझ्यावर आलं. मी पोतं आमच्या खोलीत आणलं आणि फरशीवर चादर टाकून ओतलं. ही दुपारचं काम आवरून आली आणि बघत राहिली.

"हे काय तांदूळ आहेत का निवडायला?"

"बस. मदत कर."

"फुटलं तर?"

"नुसत्या हातात नाही फुटत."

मी तिला सांगितलं की आकडा लहान तेवढी नळी मोठी. ती म्हणाली, "म्हणजे बारा मोठं आणि वीस बारीक? उलटंच की." मी म्हटलं, उलटंच, आणि तेच घातक. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर पुढे घसरून अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी वाटते. तो घाईत बाराचं घालतो आणि घोडा ओढतो, की नळी फुटते आणि बोटं जातात. हे ऐकल्यावर ती माझ्यापेक्षा बारकाईने निवडायला लागली. फुगलेली बोटाने दाबून बघायची, शेवगा जून आहे की कोवळा बघतात तशी, आणि बाजूला टाकायची. निवडलेली आम्ही दूध पावडरच्या रिकाम्या डब्यांत भरली. दमटपणा ओढायला तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, ही तिची अक्कल. तीन दुपारी आम्ही तेच करत होतो. लग्नानंतर इतका वेळ समोरासमोर बसून आम्ही कधी काही केलं असेल असं मला आठवत नाही.

तिसऱ्या दुपारी डब्याचं झाकण दाबताना ती म्हणाली, "हे झालं की तो खूश होईल."

"होईल."

"तेव्हा मागा. माझा पासपोर्ट. एवढंच मागा, दुसरं काही नको. गणपतीला बारा दिवस आहेत."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी आम्ही मजऱ्यावर गेलो, बंदुका आजमावायला. अरबाबचं कुटुंबही आलं, म्हणून स्वयंपाकाला ही बरोबर. ती गाफच्या झाडाखाली चूल मांडून बसली होती, पंधरावीस पावलांवर. मी तेलाचे डबे ओळीने मांडले. पहिला बार मी टाकला, एकनळीचा. मग अरबाबने जोडनळी घेतली आणि एकामागे एक चार डबे उडवले. एकही काडतूस फुसकं निघालं नाही. तो पोरासारखा हसत होता. येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"बोलो. क्या मांगता? आज जो मांगेगा, देगा."

मी तिच्याकडे बघितलं. ती हातातला डाव तसाच धरून आमच्याकडे बघत होती.

आता जे झालं ते नीट सांगतो. आमच्याकडे कोणी ताट पुढे केलं की माणूस आधी नको म्हणतो. पोटात कावळे ओरडत असले तरी नको. समोरचा म्हणतो, असं कसं, घ्या. दुसऱ्यांदा म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणतो, मग आपण घेतो. पहिल्या खेपेला हात पुढे करणारा हावरा. हे माझ्या बापाने मला थोबाडीत मारून शिकवलं होतं. तोंडातून आपोआप निघालं, "कुछ नहीं, अरबाब. आपका मेहरबानी है."

आणि मी थांबलो. तो दुसऱ्यांदा विचारेल म्हणून.

तो म्हणाला, "शाबाश. अच्छा आदमी. खलास." हात काढला आणि पोरांकडे गेला. "यल्ला, यल्ला, खाना!"

जेवताना मी त्याच्या आसपास घोटाळलो. पाणी आणून दिलं, खजूर आणून दिले. त्याने बघितलंच नाही. परतीच्या गाडीत ही मागे बायकांत बसली होती. खोलीवर आल्यावर म्हणाली, "नको म्हणालात?"

"तो परत विचारील वाटलं."

"तो काय आपल्या गावचा आहे?"

"उद्या मागतो."

उद्या काही मागितलं नाही. एकदा नको म्हटलेल्या तोंडाने कसं मागू, असं वाटत होतं. मला तर वाटतं भीतीही होती, पठाणावर ओरडला तसा ओरडला तर जनरल साबचं काय राहील. परवा मागतो म्हटलं, तोवर अरबाब त्याच्या भावाकडे अल ऐनला गेला, तिजोरीची किल्ली घेऊन. आला तेव्हा गणपती होऊन गेले होते. त्यानंतरही मी मागितला नाही.

लेक सासरीच राहिली. सासू म्हणायची, "आईबाप दुबईत, आणि पहिलं बाळंतपण आमच्या गळ्यात." माहेरी असती तर पलंगावरून उठू दिली नसती. तिथे आठव्या महिन्यातही विहिरीचं पाणी भरत होती. एका सकाळी पायऱ्यांवर कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, चार दिवस जगली. दुबईच्या करामा भागात आमच्या गावच्या पोरांची एक खोली होती, तिथे फोन आला. पुढच्या शुक्रवारी त्यांच्यातला एक जण येऊन आम्हाला सांगून गेला. म्हणजे आम्हाला कळलं तेव्हा सगळं होऊन आठवडा झाला होता.

ही रडली नाही. ट्रंक उघडली, टोपी काढली, पुन्हा ठेवली, आणि मोलकरणीची हाक आली म्हणून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी अरबाबकडे पाहुणे होते.

लढाई आमच्याकडे आलीच नाही. काडतुसांचे डबे मजऱ्याच्या कोठीत पडून राहिले. पुढच्या मार्चमध्ये एके दिवशी ही सरळ अरबाबच्या आईकडे गेली. म्हातारीला हिंदी येत नव्हतं, हिला अरबी. हिने पोटावर हात ठेवला, मग दोन हात पाळण्यासारखे हलवले, मग रिकामे करून दाखवले. म्हातारीने मुलाला हाक मारली. एक चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात पासपोर्ट हिच्या हातात होता. मला म्हणाली, "मिळाला." त्यापलीकडे एक अक्षर नाही. तिने मला बोल लावावा, शिव्या द्याव्यात, असं मला फार वाटलं.

ती गेली ती परत आली नाही. मी अकरा वर्षं एकटा राहिलो. दोन वर्षांनी एकदा सुट्टीला जायचो. गावी ती लेकीकडेच जास्त असायची. लेकीला पुढे दोन मुलगे झाले, दोन्ही बाळंतपणं आमच्या घरी, हिच्या हाताखाली. मी कायमचा आलो तेव्हा दोन हजार दोन साल होतं. आम्ही भांडलो नाही. तिने मला वेळेवर जेवायला दिलं, आजारपणात उशाशी बसली. त्या शुक्रवारचा विषय तिने काढला नाही आणि मी काढला नाही.

शेवटी शेवटी ती अंथरुणावर होती तेव्हा एका दुपारी मीच म्हटलं, "तेव्हा मी मागायला हवा होता."

तिने कधी, काय, विचारलं नाही. छताकडे बघत म्हणाली, "मी तिथून बघत होते ना. तुमचं तोंड उघडलं. मला वाटलं, मागितलाच."

थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, उशी जरा वर करा."

मी केली. त्यानंतर ती नऊ दिवस होती. मला तिला विचारायचं होतं, माफ केलंस का. नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं, लगेच, पहिल्याच खेपेला, आणि ते मला खरं वाटलं नसतं.