टॉवेलाखालची बोटं

यमाजीचा आवाज त्याच्या जन्माआधीच तयार झाला असावा. घरची माणसं मेंढरांमागं फिरायची, तेव्हा हा पोरगा या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला जेवायला हाक मारायचा. पुढे बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केली, तिथं तो आवाज नीट कामाला आला. बैल बसका असो की मारका, यमाजी बोलायला लागला की गिऱ्हाईक बैलाकडे बघायचं सोडून यमाजीकडेच बघत राहायचं. मग गुडघे कुरकुरायला लागले, बाजार सुटला, आवाज मात्र तसाच राहिला. असला आवाज घरात रिकामा ठेवणं धोक्याचं, हे त्याच्या बायकोला, सुंदराला, पक्कं ठाऊक होतं. म्हणून अंगणवाडीच्या पुष्पाने पथनाट्याचा गट काढला, तेव्हा सुंदराने आधी नवऱ्याचं नाव दिलं आणि मग, त्याच्यावर लक्ष ठेवायला, स्वतःचंही.

नाटक ग्रामसभेवर होतं. बायको सरपंच, पण सही तेवढी तिची, बोलणं सगळं नवऱ्याचं. नवरा यमाजी, सरपंचबाई सुंदरा, हलगीवर मच्छिंद्र आणि उरलेला सगळा गाव एकटी पुष्पा. शेवटी सरपंचबाई उठते आणि म्हणते, "आता मी बोलणार." त्या एका वाक्यासाठी बाकीचा सगळा खटाटोप होता.

आणि नेमकं तेच वाक्य लोकांपर्यंत पोचेना. सुंदरा उठायची, तोंड उघडायची, तेवढ्यात यमाजीला कडक विनोद सुचायचा. लोक हसायचे, यमाजी फुगायचा आणि मच्छिंद्र हलगी बडवून खेळ संपवायचा. बायांनी बोलावं म्हणून काढलेल्या नाटकात गावोगाव एकटा यमाजीच बोलून येत होता.

पुण्याहून आलेल्या प्रशिक्षणाच्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं, की प्रत्येक खेळानंतर गोल बसून रिफ्लेक्शन करा.

"त्ये टेम्पोच्या मागं लाल चमकनारं लावत्यात, त्येच का?" यमाजीने विचारलं होतं.

मॅडम हसल्या. आपण काय केलं ते मागे वळून बघायचं आणि एकमेकांना खरं सांगायचं, असं म्हणाल्या. मंडळी गोल तर बसायची. पण खरं सांगायचं म्हणजे यमाजीनानांच्या तोंडावर सांगायचं, आणि एवढी छाती कुणाची? पुष्पा म्हणायची, छान झालं. मच्छिंद्र म्हणायचा, लई भारी. सुंदरा चपला शोधायला लागायची.

राजुरीच्या खेळानंतर यमाजीच वैतागला. "काय ह्ये रोज लोणी लावताय, राव? बाजारात असं चालत न्हाई. तितं टॉवेल टाकायचा, खाली हात घालायचा आन् बोटं धरायची. तोंडानं कायबी बोला, भाव बोटं सांगत्यात." त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला. "माझं काम कसं झालं? पाचातली किती, तेवढी बोटं धरा."

पाच मिळणार याची त्याला खात्रीच होती. आपल्याला सहावं बोट नाही, एवढंच काय ते वाईट वाटत होतं.

पुष्पाने दोन बोटं धरली आणि तोंडाने म्हणाली, "छान झालं, नाना." मच्छिंद्रनेही दोन धरली, मग विचार करून एक सोडलं. यमाजीचा चेहरा उतरला. शेवटी सुंदराचा हात आत आला. तिने एकही बोट धरलं नाही. नुसती मूठ करून त्याच्या तळव्यावर ठेवली. यमाजीच्या हिशोबात मूठ म्हणजे सौदा मोडला.

"मूठ?" टॉवेलाखालचं उघड विचारायचं नसतं, हेही तो विसरला.

"व्हय," सुंदरा म्हणाली. "घोडेगावचा खेळ झाला की मी येनार न्हाई. गप बसायचं काम मला घरी हायेच की. त्येच्यासाठी यष्टीनं कशाला हिंडू?"

यमाजी चिडला. रस्ताभर बोलला, जेवताना बोलला, "लोक कुनामुळं हसत्यात?" हे तर पुन्हा पुन्हा बोलला. सुंदरा हूं की चूं करेना. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ती उत्तर द्यायची तेव्हाही आपण कधी थांबून ऐकलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं. दुसरी सरपंचबाई मिळाली असती, पण सुंदराशिवाय त्याला नाटक करायचंच नव्हतं. मात्र हे बोलायला त्याच्या एवढ्या मोठ्या आवाजाला तोंड सापडेना.

घोडेगावात पंचायत समितीच्या आवारात खेळ लागला. गर्दी चांगली होती, बायाही होत्या. सुंदरा उठली. आणि यमाजीला विनोद सुचला, आजवरचा सगळ्यात भारी! तो जिभेच्या टोकावर आला, आणि यमाजीने टॉवेलाचा बोळा करून तोंडात कोंबला.

लोक पोट धरून हसले. सुंदरा सवयीने थांबली होती, नवरा मधे कधी बोलतो याची वाट बघत. काहीच येईना म्हणून तिने वळून पाहिलं. यमाजी लालबुंद होऊन टॉवेल चावत उभा होता.

"आता मी बोलणार," ती म्हणाली.

पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. मच्छिंद्रने सवयीने हलगीवर काडी उचलली, पुष्पाने त्याचं मनगट धरलं. सुंदरा बोलतच राहिली. "नळ कुटं बसवायचा त्ये ठरवलं, तवा पानी भरनारीला कुनी इचारलं का?"

"न्हाई इचारलं!" मागून एक बाई ओरडली. मग दुसरी उठली, मग आणखी कुणी. नाटक कधी संपलं आणि सभा कधी सुरू झाली, कुणालाच कळलं नाही.

नंतर चौघं झाडाखाली गोल बसली. ओला टॉवेल या वेळी सुंदराच्या हातावर होता. यमाजीने खाली हात घातला. दलालीत त्याने कधी कुणाला मागितलेला भाव सरळ दिला नव्हता. आज त्याने घासाघीस केली नाही, सरळ पाचही बोटं धरली आणि तोंडाने काहीच बोलला नाही.

सुंदराने टॉवेल काढला नाही. ती म्हणाली, "म्होरच्या खेळाचा सौदा पाचावर व्हनार न्हाई. दुसरा हात आना."

यमाजीने दुसराही हात आत घातला.