अनोळखी झाडांचं टेबल

साखळीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पाटी कोकणीत लिहायची की मराठीत, यावरून चहाच्या दुकानातसुद्धा माणसं दोन बाकांवर वेगवेगळी बसत. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. वडील खाणीवर ट्रक चालवायला डिचोलीत आले आणि इथलेच झाले. घरात मालवणी, गल्लीत कोकणी, शाळेत मराठी, त्यामुळे मला दोन्ही बाकांवर जागा मिळायची.

त्याच सुमारास आमच्या भागात पानांच्या झाडांचं वेड आलं. शिक्षिका, खाणीतल्या साहेबांच्या बायका, दुकानदार, जो तो तेलाच्या डब्यात आणि फुटक्या बाल्दीत काही ना काही लावत होता. सगळ्यांत जास्त हौस अळवाच्या कुळातल्या झाडांची. या कुळात खायचं अळू येतं, सुरण येतं, भिंतीवर चढणारा मनी प्लांट येतो आणि पानं रंगवल्यासारखी दिसणारी पुष्कळ शोभेची झाडंही येतात. एकाच्या घरचा कंद दुसऱ्याच्या पिशवीतून बसने तिसऱ्याच्या गावी जायचा आणि वाटेत त्याचं नाव हरवायचं. मग लोक आपल्या मनाने नाव ठेवत. एकाचं नाव ‘मुंबईवाली’, दुसऱ्याचं ‘गल्फवाली’, कारण ते कुणाच्या तरी दिराने दुबईहून पाठवलं होतं.

ती खरी नावं शोधून देणं हे माझं काम झालं. कुणी नेमलं नव्हतं, पण मी त्यात चांगली होते आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. कॉलेजात शिकलेलं मी विसरले नव्हते. देठ कुठे जोडलाय, पान वर बघतं की खाली, कडेने शीर जाते की नाही, हे बघितलं की बहुतेक वेळा उत्तर मिळायचं.

डिचोलीच्या हौशी बागवाल्यांनी श्रावणात झाडांचं पहिलं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मी एक टेबल मागून घेतलं. त्यावर लिहिलं, ‘अनोळखी झाडं इथे आणा.’ पाट्यांच्या भाषेवरून आदल्या दिवशी वाद झाला होताच. मी म्हटलं, वर शास्त्रीय नाव लिहू, खाली झाडाचा मालक जे म्हणेल ते, त्याच्या भाषेत. वाद तिथेच मिटला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुपारच्या आत माझ्यापुढे वीसेक कुंड्या आल्या. मी एकेक बघत होते, नाव सांगत होते, चिठ्ठी लिहून कुंडीत खोचत होते. लोक मागे उभे राहून ऐकत होते. तेवढ्यात मयेहून आलेल्या एका बाईने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कुंडी काढली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. नवरा खाणीवर डंपर चालवायचा, माहेर धारगळचं. शेजारच्या क्वार्टरमधले साहेब बदलून गेले तेव्हा मागे टाकलेल्या झाडांतलं हे एक तिने उचललं होतं.

“बाई, ह्या खावचा आळू मगो?” तिने विचारलं. “चवथीक पातवड्यो करीन म्हणतंय.”

मी पान उलटं केलं. देठ पानाच्या कडेला नव्हता, आतल्या बाजूला जोडलेला होता. खायच्या अळवाची ही पहिली खूण, मी मुलांनाही हीच शिकवायचे.

“अळूच आहे, वहिनी,” मी म्हणाले. “बिनधास्त वड्या करा.”

“तुमका खात्री आसा?”

“शंभर टक्के.”

मी चिठ्ठी लिहिली आणि ती खूश होऊन गेली. त्या दिवशी मी चिठ्ठ्यांचं पुडकं संपवलं होतं.

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा उघडली. मयेहून येणारी एक शिक्षिका स्टाफरूममध्ये म्हणाली, “तुझ्या त्या प्रदर्शनातलं अळू एकीला भोवलं गो. डिचोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं.”

मी पुढचा तास कसा घेतला मला आठवत नाही. संध्याकाळी मयेची बस पकडली. घर विचारत गेले तेव्हा वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी खुर्ची आणली. आवाज अजून घोगरा होता.

“मुलं कशी आहेत?” मी पहिलं हेच विचारलं.

“पोरांका काय नाय. तेंका दिलंयच नाय.” त्या माझ्यापुढे बसल्या. “चिंच घालून, रीतसर उकडून केल्लंय. पण नव्या झाडाचा काय आसला तर वाढूच्या आदी आपणूच इल्लो तुकडो चाखूचो, ही माजी सवय. तोंडात सुयो घातल्यासारख्या झाला. जीब सुजली. मगे सगळा न्हेऊन फणसाच्या मुळात पुरलंय.”

“तुम्ही चाखलं नसतं तर?”

त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी चहा आणला. चहा देताना मात्र म्हणाल्या, “एकच वायट वाटता. चवथीक फुगडेची गाणी मी सांगतंय. ह्या वर्सा आवाजच नाय. बायलो आयल्यो, बसल्यो आनी गेल्यो.”

त्या मला एकही शब्द लावून बोलल्या नव्हत्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बाई, चूक कोणाकय जाता. पण तुमी पान बगलास आनी म्हाका बगलास नाय. मी दोनदा विचारलंय, म्हणजे म्हाका दुबाव आसलो. कित्याक म्हणून तुमी विचारूक नाय.”

“कशावरून संशय आला होता?”

“शेजाऱ्याचो रेडको खंयचाय आळू खाता. ह्येका तोंड लावी नाय.”

रेडकू म्हणजे म्हशीचं पिल्लू. त्याला जे कळलं होतं ते मी एका खुणेच्या जोरावर नाकारलं होतं आणि मी विचारल्याशिवाय हे मला कुणी सांगणार नव्हतं.

मी ती कुंडी मागून साखळीला आणली, न्हाणीघराच्या मागे मोठ्या डब्यात ते झाड लावलं आणि वाट बघितली. सात-आठ महिन्यांत झाड माझ्या कमरेपर्यंत गेलं. नवी पानं वर आभाळाकडे बघत होती, चकचकीत होती आणि त्यांचे देठ आता आत नव्हते, थेट पानाच्या खाचेत जोडलेले होते. म्हणजे कोवळेपणी हे झाड खायच्या अळवासारखं सोंग घेतं आणि मोठं झालं की आपला खरा चेहरा दाखवतं. मला हे पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं किंवा मी नीट वाचलं नव्हतं. पुढे त्याला फूल आलं. पिवळट फण्याच्या आत उभा दांडा, आणि त्याच्या टोकावर मेंदूवर असतात तशा वळ्या. खायच्या अळवाच्या फुलात अशा वळ्या नसतात. शोभेचं रान-अळूच होतं ते, शंका उरली नाही.

फूल कापून मी ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि मयेला गेले. वहिनींनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितलं.

“पुढल्या खेपेक मी येतंय तुमच्या टेबलार,” त्या म्हणाल्या. “तुमी नाव सांगा, मी खावचा काय नाय ता विचारतंय.”

त्या खरंच आल्या. दुसऱ्या प्रदर्शनात माझ्या चिठ्ठीवर नवी ओळ होती, ‘कशावरून ओळखलं’. तिच्याखाली आणखी एक, ‘फूल बघितलं की नाही’. ज्याचं नाव येत नव्हतं त्यावर मी सरळ ‘माहीत नाही’ लिहिलं. मला वाटलं होतं लोक हसतील. उलट गर्दी वाढली. वहिनी शेजारी बसून चौकशी करत. हे कुठून आणलं, ढोरं खातात का, हाताला खाज सुटते का, कुणाच्या घरी शिजवलंय का. त्यांच्या प्रश्नांनी निम्मं काम व्हायचं.

पुढच्या वर्षी पेडण्याहून एक नर्सरीवाला आला. हमरस्त्याला लागून त्याचा मांडव होता. बाणासारख्या पानांच्या दहा कुंड्या टेबलावर ठेवून म्हणाला, “मॅडम, खायचं अळू म्हणून लिहून द्या. तुमच्या हातची चिठ्ठी असली की गिऱ्हाईक विचारत नाही.”

“फूल आलंय का याला?” मी विचारलं.

“फूल कशाला? पान दिसतंय ना!”

“मग मला माहीत नाही.”

“इतकी वर्षं शिकवता आणि माहीत नाही?”

मी काही म्हणायच्या आत वहिनी पुढे सरकल्या. “कोणी खाल्ला आसा? तुमी?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“मगे आदी तुमी खावा,” त्या म्हणाल्या, “आनी दवाखान्याची बस मी दाखयतंय.”

मागे उभे असलेले सगळे हसले. तो कुंड्या उचलून रागाने निघून गेला. मला वाईट वाटलं नाही. त्या दिवशी मी शंभर टक्के खात्रीने ‘माहीत नाही’ म्हटलं होतं.

वैशाखात तो साखळीला माझ्या घरी आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं फूल होतं आणि मुळासकट एक झाड. मी त्याला पडवीत बसवलं, फूल उघडलं, भिंग लावून सगळं बघितलं. अर्धा तास गेला असेल. खायच्या अळवाचं चुलत भावंड निघालं ते, आपल्याकडे बाहेरून आलेलं. माणसं याचे कंद खातात, तेही नीट शिजवूनच, पानांचं मात्र मी काही सांगणार नव्हते. मी त्याला तसंच लिहून दिलं, कशावरून ओळखलं ते सगळं खाली मांडून.

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, “मयेच्या त्या बाईंना दाखवू काय?”

“दाखवा,” मी म्हणाले. “त्या काय विचारतील त्याची तयारी करून जा.”