डाळिंबावरच्या साड्या

बातमीत त्यांचं नाव नव्हतं, चेहराही नव्हता. वरकुटे गावातल्या या शेतकऱ्याला सगळे तात्या म्हणतात. कालव्याला उन्हाळ्यात सोडलेल्या आवर्तनाचं पाणी शेताकडे येणाऱ्या चारीच्या टोकापर्यंत पोचत नाही, वरच्या अंगाला गावचा एक पुढारी पाण्याच्या मोटारी लावून ते आधीच उचलतो, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. नाव छापणार नाही, असा शब्द मी दिला होता.

बारामतीतल्या आमच्या बातम्यांच्या पोर्टलवर सकाळी बातमी लागली. फोटोत कोरडी चारी आणि मागे तात्यांची डाळिंबाची बाग. उन्हाने फळ करपू नये म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरल्या होत्या. उन्हाळ्यात इकडच्या कितीतरी बागा तशाच दिसतात. मला सगळ्या सारख्या वाटल्या.

गावातल्या बायकांना वाटल्या नाहीत. दुपारी फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. हिरव्या काठाच्या पिवळ्या साडीभोवती लाल गोल काढला होता. खाली कोणी एक शब्दही लिहिला नव्हता.

तात्यांचा फोन आला. "नाव न्हाय टाकत म्हणला हुता न्हवं?"

"नाही टाकलं, तात्या."

"आवं, बायकूची साडी छापली की! नाव टाकलं असतं तर परवडलं असतं. त्या नावाचे गावात चौघं हायती. साडी एकच हाय."

"कोणी काही बोललं का?"

"कोन न्हाय. त्याचंच भ्या वाटतंय. टपरीवर गेलो, तर समदी मोबाईलात बघाया लागली."

पत्रकारितेच्या वर्गात दोन विचारवंत शिकवले होते. एकाच्या मते, माणसाचं तोंड फक्त सरकार बंद करत नाही. शेजारपाजारही करतो, आणि जास्त पक्कं. दुसऱ्याने तुरुंगातल्या मनोऱ्याचं उदाहरण घेतलं होतं. आत पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. परीक्षेत दोघांवर मी चांगली उत्तरं लिहिली होती.

मी पोर्टलवरून फोटो काढून टाकला. ग्रुपवर तो तसाच राहिला. संध्याकाळी तात्यांनी तिथे लिहिलं, "ती बाग आमची न्हाय. चारीला पानी येतंय." पुढाऱ्याने त्यावर पसंतीचा अंगठा टाकला.

फोटो काढलेला पाहून संपादकांनी विचारलं, बातमी खोटी होती का? खरी ठरवायची तर तात्यांचं नाव सांगावं लागलं असतं. माझी खातरजमा कमी पडली, असं मी सांगितलं. मग बातमीही पोर्टलवरून काढली गेली.

चार दिवसांनी मी वरकुट्याला गेलो. झाडं उघडी होती. पश्चिमेकडच्या फळांवर तपकिरी डाग पडले होते. साड्यांचं गाठोडं बांधावर होतं, त्याच्याशेजारी तात्या बसले होते.

"आता वळकू येतीय का बाग?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "मग निघा. तुमची गाडी बी वळकत्यात लोकं."