पाठमोरे फोटो

श्रीलंकेला निघालेल्या माणसाला भागाजी तात्या पासपोर्टचं विचारत नसत. "मोजे घेतले का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उकाड्याच्या देशात मोजे कशाला, म्हणून समोरचा हसला की तात्या चष्मा सारखा करत. "हसू नका. तिथं चपला लई लांब काढाव्या लागत्यात. दुपारची फरशी तव्यावानी तापती. वंदना ऱ्हाईल बाजूला, सगळं ध्यान तळपायाकडं!"

तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. नव्वदच्या सुमारास ते शेवगावातल्या आमच्या विहाराच्या मंडळींबरोबर अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहून आले. तेव्हापासून तिकडे जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या ओट्यावर हजेरी लावायचा. पांढरे कपडे घ्या. जेवण सगळं खोबरेलातलं, तेव्हा शेंगदाण्याची चटणी जवळ ठेवा. नळाचं पाणी नको, शहाळं प्या. त्या देशात लढाई चालू होती, जागोजागी झडती व्हायची. "बॅग उघड म्हनला की उघडायची. तिथं शेवगावची ऐट चालत न्हाई."

त्यांच्या भिंतीवर एक फोटो होता. त्यात नऊ माणसांच्या नुसत्या पाठी. बुद्धमूर्तीपुढे तात्यांनी सगळ्यांना आपल्याकडच्यासारखं कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं केलं होतं. तेवढ्यात तिथली एक म्हातारी पुढे आली आणि काही न बोलता तात्यांचे खांदे धरून तिने त्यांना मूर्तीकडे वळवलं. तिथे बुद्धाकडे पाठ करून फोटो काढत नाहीत. तात्या वळले, मागोमाग सगळे वळले, आणि फोटो तसाच निघाला. येणाऱ्याजाणाऱ्याला तात्या मोठ्या हौसेने विचारत, "वळखा, मी कोनता?"

त्यांच्या पत्नी गिरजाकाकी त्या फोटोत नव्हत्या. तेव्हा तात्यांची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून काकी घरी राहिल्या. "मी गेल्तो मास्तर, पन निम्माच," तात्या एकदा मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

पाच-सहा वर्षांनी शाळेच्या सुट्टीत मीही त्या वारीला नाव दिलं. तात्यांची आई आता नव्हती, पण त्यांचे गुडघे कामातून गेले होते. "ह्या खेपंला ही जाईल," त्यांनी जाहीर केलं.

काकींना विमानाची धास्ती. "तुमच्याबिगर मी न्हाई जायची."

"अगं, तुझ्याबिगर मी गेल्तोच की," तात्या म्हणाले. काकींनी त्यांच्याकडे बघितलं, मग उठून पिशवी भरायला घेतली. मोज्यांचे दोन जोड तात्यांनी आपल्या हाताने वर ठेवले.

परतल्यावर मी नगरहून रोल धुऊन आणला. फोटोत अकरा जण, सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळे पाठमोरे. "ओळखा बरं, काकी कोणत्या?" मी म्हटलं. तात्यांनी क्षणात बोट ठेवलं. डावीकडून तिसरी. दहा जणांच्या पायांत मोजे, अकराव्या बाईच्या भेगाळलेल्या टाचा उघड्या.

"मोजे घातलंच न्हाईत!"

"जल्म रानात अनवानी गेला," काकी आतून म्हणाल्या, "अन् तिथं जाऊन मोजे घालू व्हय?"

"भाजलं का?"

"लई भाजलं."

तात्या पोटभर हसले. मग त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो मला काढायला लावला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले.

"मास्तर, हे दोन्ही एकाच फ्रेममधी बसवून आना," ते म्हणाले. "आता माझं जानं पुरं झालं."